हेगची जपानी बाग : जायचं कधी, पाहायचं काय
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

प्रश्न : जूनच्या शेवटी आम्ही नेदरलँड्सला मुलीकडे जात आहोत. हेग शहरातल्या क्लिंगेंडाल या जुन्या इस्टेटीतल्या जपानी बागेचं तिकीट आधी काढून ठेवावं लागतं का?

उत्तर : तिकीट नाहीच, प्रवेश मोफत आहे. अडचण तारखेची आहे. ही बाग वर्षातून फक्त दोनदा उघडते. वसंतात साधारण एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं रंगतात तेव्हा दोनेक आठवडे. नेमक्या तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, त्यामुळे हेग महानगरपालिकेने जाहीर केलेल्या तारखा बघूनच बेत पक्का करा. जूनअखेरीस गेलात तर बहुधा बंद दारावरून परत यावं लागेल. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर मेचा पहिला आठवडा धरा. अझेलियाची फुलझाडं बहरण्याचे ते दिवस, आणि लिस्से गावातली कॉयकेनहॉफची ट्यूलिप बागही सहसा तोपर्यंत उघडी असते. २७ एप्रिल मात्र टाळा. त्या दिवशी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते आणि रेल्वेत उभं राहायला जागा मिळत नाही.

प्रश्न : एवढी सुंदर बाग वर्षभर बंद का ठेवतात?

उत्तर : मॉससाठी. झाडांखालची जमीन, दगडांच्या कडा, उंचवटे सगळे या मखमली शेवाळाने झाकलेले आहेत आणि बागेचा जीव त्यातच आहे. मॉसला खरी मुळं नसतात. धाग्यांसारखे बारीक तंतू मातीला नुसते धरून ठेवतात, आणि पाणी पानांतूनच शोषलं जातं. म्हणून ते उन्हात वाळून तपकिरी झालं तरी पाऊस पडताच पुन्हा हिरवं होतं, पण बुटाखाली आलं की थर सुटून निघतो. खालची माती दाबली जाते, तिथे पाणी साचतं आणि पुढे दुसरंच गवत माजतं. पायाएवढी जागा पुन्हा भरून यायला वर्षंही लागू शकतात. संपूर्ण बाग सुमारे ६,८०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकरही नाही. इतक्या लहान जागेत बारा महिने माणसं फिरली तर वाटांच्या कडा हळूहळू आत सरकतील.

समोरून कुणी आलं की आपण सहज एक पाऊल बाजूला टाकतो. नुकसान होतं ते तिथेच. वाट रुंद असेल तिथे थांबा, समोरच्याला जाऊ द्या, मग पुढे व्हा.

प्रश्न : फोटो नीट यावेत म्हणून काय करावं?

उत्तर : ढगाळ दिवस निवडा, शक्यतो नुकताच पाऊस पडून गेलेला. कडक उन्हात झाडांखाली उजेड-सावलीचे ठिपके पडतात आणि हिरवा रंग फिका येतो. फोनवर लाल पुलाला किंवा दगडी दिव्याला बोट लावून उजेड थोडा कमी करा, मॉसचा रंग गडद उठेल. कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर न्या, ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चमक त्याने कापली जाते. तिपाई नेऊ नका. तिचा एक पाय हमखास वाटेबाहेर जातो.

प्रश्न : आम्सटरडॅमहून एका दिवसात जमेल का? सोबत बाबागाडी आहे.

उत्तर : आरामात. रेल्वेने साधारण पाऊण ते एक तास लागतो. देन हाग हे हेगचंच डच नाव. गाडी ‘देन हाग सेंत्राल’ला जाते की ‘देन हाग एच. एस.’ला, हे फलकावर वाचून मगच चढा, ही दोन वेगळी स्थानकं आहेत. सेंत्रालपासून बाग जेमतेम तीन किलोमीटर. संपर्कविरहित बँक कार्ड रेल्वे, ट्राम आणि बस तिन्हींत चालतं, पण प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं आणि उतरतानाही ते टेकवावं लागतं. विसरलात तर जादा पैसे कापले जातात. बागेतल्या वाटा अरुंद आहेत, तेव्हा बाळाला झोळीत घेतलेलं बरं. रबरी तळव्याचे बूट घाला, ओले दगड फार निसरडे असतात. कुत्र्यांना आत सोडत नाहीत.

प्रश्न : ही बाग खरोखर जपानी आहे, की युरोपीय नक्कल?

उत्तर : दोन्ही थोडं थोडं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लिंगेंडालच्या मालकीणबाई मार्गरीट व्हान ब्रीनन यांनी ती करवून घेतली. जपानच्या प्रवासात त्यांनी दगडी दिवे, पाण्याचं भांडं आणि छोटे पूल घेऊन ते बोटीने इकडे आणले. म्हणजे वस्तू अस्सल, पण मांडणीमागे जपानवर जीव जडलेल्या एका डच बाईंची नजर आहे. २००१पासून बागेला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा आहे. आत गेल्यावर दिवे घाईत ओलांडू नका. जपानी परंपरेत पाण्याकाठी बुटक्या पायांचा, छत्रीसारख्या रुंद छपराचा दिवा ठेवतात. त्याला ‘युकिमी’ म्हणतात, म्हणजे बर्फ बघण्याचा दिवा, कारण त्या छपरावर साठलेलं बर्फच बघायचं असतं. पाण्याचं भांडं मुद्दाम इतकं खाली बसवतात की हात धुवायला वाकावंच लागतं. चहागृहात शिरण्यापूर्वीची ती नम्रता आहे. भरभर चाललात तर पंधरा मिनिटांत बाहेर पडाल. तासभर तरी हाताशी ठेवा, आणि गर्दी व्हायच्या आत, सकाळी दार उघडताच पोहोचा.