वाचकांचे प्रश्न : थंडीत शेड गरम ठेवायची, पण कशी?

थंडी पडली की घरामागच्या शेडमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये खटपट करणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळी तर जवळजवळ सगळीच एका विषयावरची आली, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न : दादा, मला सुतारकामाचा छंद आहे. पत्र्याची छोटी शेड आहे, रात्री दोन-तीन तास तिथेच असतो. थंडीने बोटं वळत नाहीत म्हणून कोळशाची शेगडी घेऊन बसतो. धूर पूर्ण जाऊन निखारे लाल झाले की मगच आत आणतो, आणि दार चार बोटं उघडं ठेवतो. एवढी काळजी पुरे ना? हल्ली डोकं जड होतं, पण ते थिनरच्या वासाने असेल.

उत्तर : नाही, पुरे नाही. आज रात्रीपासून ती शेगडी आत नेऊ नका, बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

धूर गेला म्हणजे धोका गेला असं आपल्याला वाटतं कारण धूर दिसतो, डोळ्याला झोंबतो. पण निखाऱ्यातून जो कार्बन मोनॉक्साईड निघतो त्याला ना रंग ना वास, तो झोंबत नाही, खोकला आणत नाही, आणि धूर थांबल्यावरही निखारा विझेपर्यंत तो निघतच राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणजे हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. चार बोटं उघड्या दाराने थंडी आत येते, पण शेडमधली हवा पुरेशी बदलत नाही.

तुमच्या डोकं जड होण्याबद्दल मला खरंच काळजी वाटतेय. ज्या दिवशी थिनरचा डबा उघडलाच नव्हता त्या दिवशीही डोकं दुखलं होतं का? बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर हळूहळू उतरतं आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसलं की परत येतं, असं होतंय का? होत असेल तर ही गॅसचीच खूण धरा आणि डॉक्टरांना दाखवा, आणि शेगडीचं त्यांना आठवणीने सांगा, कारण बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा गॅस धरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, तो ९८ दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. साध्या हवेत बसून रक्तातला हा गॅस निम्मा व्हायलाच चार-पाच तास जातात. म्हणून कुणी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, उलटी झाली, पाय लटपटले तर त्याला आधी बाहेर काढा आणि थेट हॉस्पिटलला न्या, थोडं पडून राहू दे म्हणू नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मीही अशीच शेगडी ठेवून एका ड्रॉवरचे सांधे पाडत बसलो होतो, पेन्सिलची खूण समोर स्पष्ट दिसतेय, तीन वेळा बघितली, आणि तरी पटाशी खुणेच्या उलट्या बाजूला लावली. दमलोय असं वाटलं. उठायला गेलो तर गुडघ्यात जीवच नव्हता, बाकाला धरून दारापर्यंत आलो. आणि दार अर्धं उघडं होतं हो. या गॅसने आधी डोकंच मंद होतं, त्यामुळे आता बाहेर जायला हवं हे त्या वेळी सुचतच नाही.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म जरूर लावा, पण चुलीचा किंवा स्टोव्हचा धूर पाइपने बाहेर काढलेला असेल तिथे जास्तीची खबरदारी म्हणून. उघड्या शेगडीला परवानगी म्हणून नाही. हा गॅस जड असतो, खाली बसतो असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही, त्याचं वजन जवळपास हवेइतकंच असतं, तो सगळीकडे मिसळतो. आणि धुराड्याचा स्टोव्ह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, शेड घट्ट बंद करून भुशासाठी मोठा एक्झॉस्ट फॅन लावला तर तो धुराड्यातला गॅस उलटा आत ओढू शकतो. बाहेरची हवा आत यायला वेगळी वाट ठेवल्याशिवाय दोन्ही एकत्र चालवू नका.

प्रश्न : माझी शेड ४ बाय ३ मीटर, उंची अडीच मीटर, चारी बाजूंनी आणि वर पत्रा. २००० वॅटचा फॅन हीटर घरातून एक्स्टेन्शन ओढून लावलाय, तरी ऊब धरत नाही. ३००० वॅटचा घेऊ का?

उत्तर : आधी थोडा हिशोब करू, मग हीटर मोठा घ्यायचा का ते तुम्हीच ठरवाल. तुमच्या शेडमध्ये ३० घनमीटर हवा आहे, तिचं वजन जेमतेम ३६ किलो, ती १० अंशांनी तापवायला २००० वॅटच्या हीटरला तीन मिनिटं पुरतात. मग ऊब जाते कुठे? पत्र्यातून. भिंती आणि छत मिळून ४७ चौरस मीटर पत्रा होतो, आणि उघड्या पत्र्याच्या एका चौरस मीटरमधून आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकाला साधारण ६ वॅट उष्णता निघून जाते. म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत १० अंश जास्त ठेवायचे तर २८०० वॅट नुसते पत्र्यातूनच जाणार, फटींतून जाणारी वेगळीच. ३००० चा आणलात तरी तो रात्रभर बाहेरचं अंगण तापवेल.

तेच पत्र्याला आतून ५० मिलिमीटर थर्माकोल लावलंत तर पत्र्यातून जाणारी उष्णता ३०० वॅटच्या आसपास येते. एवढा फरक पडतो! आधी छत करा, मग दाराखालची आणि कोपऱ्यांतली फट बुजवा, भिंती जमेल तशा. फक्त थर्माकोल उघडं ठेवू नका, ते पेटतं आणि भयंकर काळा धूर सोडतं, त्यावर जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड हवाच. रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) मिळालं तर जास्त चांगलं, ते जळत नाही. धुराड्याचा स्टोव्ह असेल तर हवा आत यायची त्याची वाट मात्र बुजवायची नाही.

आता ते एक्स्टेन्शन, मला हीटरपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटतेय. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि ते तासन् तास. ड्रिल दोन मिनिटं चालतं, हीटर तसा नाही. आज काम झाल्यावर हीटर बंद करा, प्लग काढा आणि पिना नीट बघा. पितळेची चमक जाऊन पिन काळपट-तांबूस झालीये का, सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, जळक्या माशासारखा वास येतोय का. यातलं एक जरी असलं तर आत पकड सैल आहे आणि तिथे रोज तापतंय, ते सॉकेट आणि तो प्लग दोन्ही बदला. आणि गुंडाळीचं एक्स्टेन्शन असेल तर गुंडाळी कधीही अर्धी ठेवून चालवू नका, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरीचं कव्हर वितळतं. खरा उपाय म्हणजे वायरमनकडून शेडला स्वतंत्र लाइन, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. एकदाच करायचंय.

फॅन हीटर भुशाच्या जागी मला पटत नाही. तो हवेबरोबर बारीक भुसा ओढून तापलेल्या कॉइलवर टाकतो, तो करपट वास त्याचाच. त्यापेक्षा तेल भरलेला रेडिएटर घ्या, कॉइल उघडी नसते, पाडला तर आपोआप बंद होणारा बघा, चारी बाजूंनी एक मीटर मोकळं ठेवा, आणि रोज फडक्याने भुसा पुसा, तापलेल्या लोखंडावर भुशाचा थर साठला तर तो आतल्या आत धुमसतो. सँडिंग करताना हीटर बंद. शेडला कुलूप लावताना प्लग काढलेला.

पायाखाली फळी नाहीतर जाड रबर मॅट टाका, गारठा काँक्रीटमधून वर चढतो आणि आपण उगाच हीटर वाढवत बसतो. आणि फिरत्या मशीनवर मफलर, शाल, लोकरीचे हातमोजे अजिबात नकोत, दोरा अडकला की हात आत जातो. अंगाबरोबर बसणारं स्वेटर घाला.

प्रश्न : सिलिंडरवर चालणारा गॅस हीटर घेतल्यापासून माझ्या पटाश्या, रंधा सगळ्याला गंज चढतोय. हवा तर गरम झालीये, मग गंज कसा?

उत्तर : गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन तुमच्या शेडमध्येच राहतं, आणि रात्रभर गारठलेल्या पोलादावर दव धरतं. हीटर लावल्यावर पंधरा मिनिटांनी पटाशीच्या पात्यावर बोट फिरवून बघा, ओलसर रेघ उमटेल. धुराड्याशिवायचा हा हीटर बंद शेडमध्ये नकोच, गंजापेक्षा मोठं कारण वर पहिल्या उत्तरात लिहिलंय. विजेवर जा, आणि हत्यारं तेलाचा हात फिरवून झाकणाच्या पेटीत ठेवा.

प्रश्न : व्हार्निश लवकर सुकावं म्हणून हीटर जवळ ठेवला तर चालेल का? जवसाचं तेलही वापरते.

उत्तर : ताई, नको. थिनर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या लाल कॉइलपर्यंत पोचू शकते. थर्मोस्टॅट चालू-बंद होताना उडणारी बारीक ठिणगीही पुरते. आधी शेड आणि लाकूड गरम करून घ्या, मग हीटरचा प्लग काढा, खिडकी उघडा आणि मग डबा उघडा. वास पूर्ण जाईपर्यंत परत लावू नका. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची तर बिलकुल नाहीत, ते तेल सुकताना स्वतः तापतं आणि बोळा आपोआप पेटतो, काडी लागत नाही. फडकी बाहेर एकेक मोकळी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : थंडीत पांढरा ग्लू सुकल्यावर खडूसारखा होतो आणि सांधा सुटतो. ग्लू खराब आलाय का?

उत्तर : बहुतेक नाही. साधारण १० अंशांखाली पांढऱ्या ग्लूचा सलग थर बनत नाही, पांढरी भुकटी राहते. ग्लूची बाटली आणि लाकूड दोन्ही आदल्या रात्री घरात आणा, क्लॅम्प लावलेला तुकडाही घरातच सुकू द्या, त्यासाठी अख्खी शेड रात्रभर तापवायची गरज नाही. कॉर्डलेस ड्रिलची बॅटरीही बरोबर आत आणा, शून्य अंशाखाली गारठलेली लिथियम बॅटरी चार्ज केली की आतून कायमची बिघडते.