आठशे सदतीस क्रमांकाचे विमान आणि तुझी शंका

नाशिक

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

ओझरच्या विमान कारखान्यात उत्पादनाऐवजी फेरबदल व चाचणी-उपकरणांचे काम शिकण्याची संधी मिळत असताना, ‘ज्या एकमेव विमानावर वर्षानुवर्षे खपायचे तेच निवृत्त झाले तर आपले काय’, असे तू विचारले आहेस. शंका रास्त आहे. उत्तरासाठी नासाच्या एनएफ-१५बी, म्हणजे ८३७ क्रमांकाच्या विमानाकडे पाहा.

१९७३ साली उडालेले हे पहिले दोन आसनी एफ-१५ लढाऊ विमान. त्याच्या हवा घेणाऱ्या मुखांपाशी बसवलेले कॅनार्ड, म्हणजे मुख्य पंखांपुढचे छोटे पंख, नवे घडवलेले नव्हते. एफ-१८च्या शेपटीचे आडवे पंखच थोडे बदलून तेथे लावले होते. आधी आयताकृती नोझल (इंजिनाचा झोत बाहेर टाकणारे तोंड) लावून आखूड धावपट्टीवर उतरण्याचे प्रयोग झाले, पुढे नासाकडे आल्यावर झोताची दिशा वर-खाली आणि डावी-उजवीकडेही वळवणारी गोल नोझल आली. नंतरच्या एका पर्वात तर मोडतोड झालेले विमान संगणकाला सावरता येते का, हे तपासण्यासाठी नियंत्रण-पृष्ठांमधील बिघाडाची मुद्दाम नक्कल केली जाई, आणि ताळमेळ बिघडू लागला की नेहमीच्या नियंत्रणावर परतण्याची सोय ठेवलेली असे. ३० जानेवारी २००९ रोजी त्याने शेवटचे उड्डाण केले. कॅनार्ड आणि झोत वळवणारी नोझल तुला ओझरच्या सुखोई-३० एमकेआयवर रोज दिसतील. ती रचना रशियन परंपरेतून आली, पण प्रश्न तेच आहेत. ब्रह्मोस क्षेपणास्त्रासाठी बदललेले पहिले सुखोईही २५ जून २०१६ रोजी नाशिकमधूनच उडाले होते.

अशा एकुलत्या एक विमानाची अडचण निराळी असते. बदललेल्या भागांचे सुटे भाग कोणत्याही भांडारात नसतात, आणि कोणती तार कोठून कोठे गेली हे कधीकधी दोन-चार माणसांनाच ठाऊक असते. (विमानाच्या निरोपाच्या बातम्यांत पाण्याचे फवारे दिसतात, ही माणसे दिसत नाहीत, याचे मला नेहमी वैषम्य वाटते.) म्हणून तू तेथे गेलीस तर पहिल्या दिवसापासून नोंदी ठेव. स्ट्रेन गेज (भाराने धातू किती ताणला हे मोजणारी चिकटपट्टी) चिकटवताना पृष्ठभाग बारीक सँडपेपरने घासून ॲसिटोनने पुसशील, ३५० ओहमचा रोध मीटरवर पडताळशील, तेव्हाच त्याची जागा, दिशा, तारेवरचा क्रमांक आणि ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) समोर होती हे लिहून सही कर. उड्डाण झाल्यावर लिहू म्हणणे हे वरातीमागून घोडे. गेजची दिशा नोंदलेली नसेल, तर मिळालेला आलेख कितीही देखणा असला तरी त्यावरून पंखावरचा भार सांगता येत नाही.

उत्पादनात हात लवकर बसतो, पगारवाढीचा मार्गही सरळ असतो, हे मी नाकारत नाही. तरीही तुझा स्वभाव पाहता मी फेरबदलाचेच काम निवडण्यास सांगेन, कारण ८३७वर एका प्रयोगासाठी बसवलेले कॅनार्ड पुढच्या प्रयोगांनाही उपयोगी पडले, आणि ते काम जाणणाऱ्याला पुढच्या विमानावरही विचारले जाते.

होकार कळवण्यापूर्वी तेथील जुन्या फेरबदलांच्या फायली नव्या माणसाला पाहू देतात का, एवढे मात्र विचारून घे.

तुझा शिक्षक