काठावरून पाणी मोजणार असशील तर

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर दर रविवारी पाण्याची पारदर्शकता मोजायची म्हणतोस, छान. पण सेक्की तबकडी लगेच विकत घेऊ नकोस. ती २० सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती खोल पाण्यासाठी, होडीतून सोडायची. काठाशी ती दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकते. मग तू मोजतोस ती खोली, पारदर्शकता नव्हे. मी पहिले दोन महिने हेच केलं आणि वहीत सगळीकडे एकच आकडा!

काठासाठी पारदर्शक नळी बरी. तळाशी छोटी काळी-पांढरी खूण असते. नळी भरायची, वरून बघत हळूहळू पाणी सोडायचं आणि खूण दिसू लागली की उंची लिहायची. उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत. गॉगल काढ बाबा, हे सगळेच विसरतात.

पाणी घेताना तळ ढवळू देऊ नकोस. म्हशी नुकत्याच डुंबून गेल्या असतील तर थोडं पुढे सरक. जागा मात्र ठरलेल्या हव्यात: संध्यामठाजवळ एक, शालिनी पॅलेसच्या बाजूला एक. वाऱ्याने शेवाळ एका काठाला ढकललं जातं, म्हणून वाऱ्याची दिशाही लिही. वेळ साधारण सकाळी दहानंतरची, दरवेळी तीच.

आणि रंग लिहायला विसरू नकोस. पावसाळ्यातलं गढूळ तांबूस पाणी आणि उन्हाळ्यातलं हिरवं पाणी, नळीत दोन्ही २५ सेंटिमीटर दाखवतील. एकात माती, दुसऱ्यात शेवाळ. हिरवा तवंग दिसला तर हात घालू नकोस, दोरी बांधलेली बादली वापर.