बाईंना विचारा : ‘कोणाक सांगूं नाकात, टीचर’

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीची वर्गशिक्षिका आहे. नोकरीचं दुसरंच वर्ष. मागच्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी प्रयोगशाळेत मागे रेंगाळली. ‘टीचर, कोणाक सांगूं नाकात,’ म्हणाली. मी शब्द दिला. मग ती एवढंच बोलली की सुट्टीच्या दिवशी घरी राहायला नको वाटतं. पुढे काही सांगणार तोच बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, हॉर्न वाजला आणि ती पळाली. आता माझी नजर चुकवते. समुपदेशक आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतात. दिलेला शब्द मोडू का? की सरळ तिच्या आईला फोन करू?
– एक शिक्षिका

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. असल्या पत्राला अंक निघेपर्यंत थांबवून चालत नाही. इथे छापते आहे ते इतरांसाठी, ओळख पटेल असे तपशील बदलून.

आईला फोन नको. निदान आज नको. सुट्टीत घर नको वाटण्याचं कारण दारू पिणारा बाप असेल, धाकट्या भावंडांचं सगळं करणं तिच्यावर पडत असेल, मार्कांवरून दिवसभर बोलणी बसत असतील, नाहीतर घरात येणारा-जाणारा कोणी माणूस असेल. यातलं काय ते कळल्याशिवाय केलेला फोन नेमका कोणाच्या कानावर जाईल, सांगता येत नाही.

आता शब्दाचं. मीही एकदा दिला होता, आणि मोडला तो फार वाईट रीतीने. डिचोली तालुक्यात मी 31 वर्षं गणित शिकवलं. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी नळावर जाऊन डबा धुवायचा. मला कौतुक, काय टापटीप पोरगा! एक दिवस मी शेजारच्या नळावर हात धूत होते. त्याच्या डब्यातून पडणारं पाणी अगदी निवळ होतं. तेलाचा तवंग नाही, भाताचं शीत नाही. तो रिकामा डबा घेऊन यायचा आणि रिकामाच धुवायचा. आठवीपर्यंत शाळेत भाजी-पाव मिळायचा. नववीत मध्यान्ह आहार नव्हता. घरी अंगणात खाणीवर चालणारे बापाचे दोन ट्रक उभे आणि बँकेचे हप्ते थकलेले.

‘कोणाक सांगूं नाकात,’ तोही हेच म्हणाला. मी हो म्हटलं, आणि पुढच्याच ऑफ पिरियडला स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगून मोकळी झाले. हळहळ वाटून, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने भर वर्गात त्याच्या बाकावर बिस्किटांचा पुडा ठेवला. वर्ष संपेस्तोवर तो पोरगा माझ्याशी बोलला नाही. डबा आणणंही त्याने सोडलं.

मुख्याध्यापकांना एकटं गाठून सांगितलं असतं तर काहीतरी सोय गुपचूप झाली असती. म्हणून मोडा शब्द, पण आधी तिला सांगून मोडा. ‘त्या दिसा हांवें कोणाक सांगचें ना म्हळें, तें म्हजें चुकलें,’ असं स्वच्छ म्हणा. तू सुरक्षित राहावीस म्हणून गरज पडली तर मला एका माणसाला सांगावं लागेल, कोणाला ते तुला आधी सांगेन, आणि स्टाफरूममध्ये यातलं अक्षर जाणार नाही, एवढं बोला. बोला मात्र कोकणीत. पाचवीपासून आपण मुलांशी वर्गात इंग्रजी बोलतो. घरातलं दुखणं ती ज्या भाषेत भोगतात त्याच भाषेत सांगतील. शाळा सुटल्यावर थांबवू नका, बालरथ चुकला तर घरी पहिला प्रश्न तोच होईल. मधल्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा उचलायला बोलवा आणि व्हरांड्यात चालता चालता विचारा. समोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं की मुलं गप्प होतात, हा माझा अनुभव.

तिने काही सांगितलं नाही तरी दार उघडं राहील. सांगितलं आणि त्यात कोणी नको तिथे हात लावल्याचा विषय निघाला, तर पुढचं तुमच्या मर्जीवर उरत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच असतं. न कळवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ‘जरा थांबूया’ म्हणणारे भेटतील. थांबू नका. तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारूही नका, ते काम तुमचं नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन तुम्हीसुद्धा फिरवू शकता. आणि जगणंच नको अशा अर्थाचं काही बोलली, तर समुपदेशकाच्या वाराची वाट बघायची नाही. त्या दिवशी तिला एकटं सोडू नका, आणि 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा.

एक राहिलंच. बालरथातल्या मदतनीस बाईशी तुमची ओळख आहे का? कोण हल्ली मागच्या सीटवर एकटं बसतं, कोण घर आलं तरी उतरायला रेंगाळतं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा आधी दिसतं. मला हे निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा उमगलं.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. शाळेने आम्हाला न विचारता त्याला समुपदेशकाकडे पाठवलं. त्याची आजी विचारते, ‘पिसो (वेडा) जालो काय?’ उद्या दाखल्यावर लिहून येईल का?
– एक वडील, पेडणे

उत्तर : शाळा सोडल्याच्या दाखल्यात असा रकानाच नसतो. समुपदेशकाशी बोलणं म्हणजे बांबोळीच्या मनोरुग्णालयात भरती होणं नव्हे. गोवा शिक्षण विकास महामंडळाने शाळांना समुपदेशक दिले ते अभ्यासाचा ताण, मैत्रीतली भांडणं, झोप न येणं असल्या रोजच्या गोष्टींसाठीही. आजींना एकदा पणजीला न्या. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा आपला माणूस पॅरिसात जाऊन सांगत होता की संमोहन ही कोणाची जादू नव्हे, ते माणसाच्या स्वतःच्याच मनात घडतं. मनाचा अभ्यास आपल्याला परका नाही म्हणा त्यांना.

तिथे काय बोलणं झालं ते मुलाला विचारू नका. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. ती मुख्याध्यापकांना भेटून सांगा. मुलाला बरोबर नेऊ नका.