हाडाला जीभ लावतात का? आणि बाकीचे प्रश्न

जीवाश्म, खडक आणि खोदकामावर या वेळी भरपूर प्रश्न आलेत. त्यातले पाच घेतलेत, एकाचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : वासुकी इंडिकस या महाकाय सापाची बातमी २०२४ मध्ये वाचली. नंतर कळलं की हाडं २००५ मध्येच मिळाली होती! मधली १९ वर्षं काय करत होते हे लोक?

तुमचा वैताग कळतो, पण यात कुणी झोपलेलं नव्हतं. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीत आयआयटी रुडकीच्या सुनील बाजपेयींना हे मणके मिळाले तेव्हा ते मगरीचे असतील असंच वाटलं होतं, आणि तसं वाटण्यात काही चूकही नव्हती, कारण त्या भागात मगरी, कासवं, मासे, अगदी जुन्या देवमाशांचेही अवशेष निघतात. मोठा मणका दिसला की आधी मगरच आठवणार ना. त्यातून तो मातीगाळात असा घट्ट बसलेला असतो की नेमका आकारच दिसत नाही. फील्डवरून आणलेला माल कपाटात जातो, त्याच्या आधीचा माल रांगेत असतोच, शिवाय साफ करणारे हात मोजके.

आता साफसफाई म्हणजे काय ते सांगतो. पेनाएवढं एक हवेवर चालणारं हत्यार असतं, एअर स्क्राइब म्हणतात, त्याची सुई टकटक करत दगडाचा कण न् कण उडवते आणि माणूस मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसलेला असतो. हाड आणि दगड कधीकधी एकाच रंगाचे! जरा हात घसरला की कोट्यवधी वर्षं टिकलेलं टोक गेलं. मग भेगेत पातळ गोंद सोडा, वाळू द्या, पुन्हा टकटक.

पण एकदा का मणका मोकळा झाला की तो बोलायला लागतो. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूला वर एक खुंटी असते आणि मागच्या बाजूला तिच्याच मापाची खाच, म्हणजे मागच्या मणक्याची खुंटी पुढच्याच्या खाचेत जाऊन बसते आणि एवढा लांब कणा वळला तरी पिळवटत नाही. मगरीला ही भानगडच नाही. बाजपेयी आणि देबजित दत्ता यांनी असे २७ मणके तपासले, सगळ्यात रुंद ११ सेंटीमीटरच्याही वर, वय साधारण ४ कोटी ७० लाख वर्षं. एप्रिल २०२४ मध्ये शोधनिबंध आला.

लांबीबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे, शास्त्रज्ञांबद्दल नाही, बातम्यांबद्दल. अंदाज होता साधारण ११ ते १५ मीटर, कारण अख्खा साप मिळालेलाच नाही, मणक्याच्या मापावरून हिशोब केलाय. पण हेडिंगमध्ये फक्त १५ आले आणि लगेच कोलंबियाच्या टायटॅनोबोआ या दुसऱ्या महाकाय जीवाश्म सापाला (अंदाजे १३ मीटर) हरवून पण टाकलं. असं नसतं हो. आणि गंमत बघा, टायटॅनोबोआसुद्धा कोळशाच्या खाणीतच सापडलाय.

प्रश्न : कुठे खणायचं हे यांना कळतं कसं?

खरं तर आधी खणतच नाहीत, चालतात. योग्य वयाचा गाळाचा खडक नकाशावर शोधायचा, तो कुठे उघडा पडलाय ते बघायचं आणि मग मान खाली घालून दिवसेंदिवस चालायचं. उतारावर हाडाचे बारीक तुकडे दिसले की ते कुठून घरंगळले ते बघत वर चढायचं. सापडलं तर त्यावर ओला कागद, मग प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, हात मोडल्यावर घालतात तसंच.

खाणी हे काम फुकटात करून देतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या ड्यूअर्स फार्म खाणीत एक कामगार मशीनने चिकणमाती काढत होता, त्याला ठराविक अंतराने उंचवटे जाणवले. साहेब थांबले, म्हणून जून २०२४ मध्ये शंभरावर लोकांनी मिळून तिथे डायनोसॉरच्या पावलांचे सुमारे २०० ठसे उघडे केले. १६ कोटी ६० लाख वर्षं जुने, आणि सगळ्यात लांब माग १५० मीटरच्या वर. मला तर हाडांपेक्षा ठसे जास्त आवडतात, हाड म्हणजे मेलेला प्राणी, ठसा म्हणजे चालणारा.

प्रश्न : डायनोसॉरचं वय कार्बन डेटिंगने काढतात ना?

नाही! कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याइतका उरतच नाही. बहुतेक वेळा वय हाडाचं काढतच नाहीत, त्याच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखीच्या राखेचं काढतात. राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळपास दारातच अडवतो, म्हणजे आज आत जे शिसं आहे ते युरेनियमचंच झालेलं. दोघांचं प्रमाण मोजा, वय काढा. राख नसेल तर सोबतच्या सूक्ष्म जीवाश्मांवरून थराचं वय ठरवतात.

प्रश्न : माणसाने पृथ्वीच्या मँटलपर्यंत (कवचाखालच्या जाड थरापर्यंत) भोक पाडलं म्हणे?

अर्धं खरं. २०२३ मध्ये जॉइडिस रेझोल्यूशन या जहाजाने अटलांटिक महासागराच्या मध्यभागी अटलांटिस मासिफ या समुद्राखालच्या डोंगरावर १,२६८ मीटर खोल ड्रिल केलं आणि मँटलचे खडक वर काढले. पण तिथे ते खडक भूपट्टांच्या हालचालीने आधीच समुद्रतळाजवळ आलेले आहेत, म्हणजे आपण मँटलकडे गेलो नाही, तोच वर आलेला. तरी एवढा लांब नमुना हाती लागणं ही मोठीच गोष्ट.

प्रश्न : सापडलेला दगड हाड आहे का हे जीभ लावून कळतं, खरंय?

खरंय. हाडाच्या जीवाश्मात बारीक छिद्रं उरलेली असली तर ती ओल शोषतात आणि जीभ चिकटते. पण छिद्रं खनिजाने गच्च भरलेली असतील तर अस्सल हाडही चिकटत नाही आणि काही चिकणमातीचे दगड मात्र चिकटतात, त्यामुळे भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा भिंगातून तुटलेली कड बघा, आत स्पंजसारखी जाळी दिसली तर शक्यता वाढली. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दगड हलवू नका आणि फोटो जवळच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. मी एकदा मोठ्या आशेने जीभ लावली होती, साधी चुनखडी निघाली आणि दिवसभर दातात कचकच.