सराव पाठात मोबाईल कसा वापरू? नवशिक्या छात्रशिक्षकासाठी

डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या) पहिल्याच वर्षी टॅब घ्यायच्या भानगडीत पडू नको. हातात आहे तो मोबाईल बास.

१. पाठ टाचणात (तास कसा घ्यायचा याच्या लेखी आराखड्यात) आधी उद्दिष्ट लिही, साधन नंतर निवड. अपूर्णांक शिकवताना खरी भाकरी चार तुकडे करून दाखवणं व्हिडिओपेक्षा भारी. पण कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा नद्यांचा संगम वरून कसा दिसतो, ते खडूनं जमत नाही. तिथं उपग्रहाचा नकाशा लाव. कासारी कुठून येते, भोगावती कुठून, हे पोरांनाच बोट फिरवून शोधू दे. तू मध्ये बोलू नको (हेच सगळ्यात अवघड!).

२. साहित्य आदल्या रात्रीच उतरवून ठेव. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपनं स्कॅन केला की पाठाचं साहित्य मिळतं. गगनबावड्याकडची शाळा मिळाली तर पावसाळ्यात रेंज आणि लाईट दोन्ही जाणार असं धरूनच चाल, फळ्यावरचा पाठ तयार ठेव.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं: व्हिडिओ लावतात आणि मागं जाऊन उभे राहतात. मिनिट-दीड मिनिटानं थांबव, "आता पुढं काय होईल?" विचार. गटात मोबाईल दिलास तर एकच चुणचुणीत पोरगं तो धरून बसतं, फिरवायला लाव. आणि पोरांचे फोटो स्टेटसला अजिबात नकोत.

ऑनलाइन चाचण्या, एआय वगैरे पुढच्या वर्षी बघू. पहिलं टाचण झालं की पाठव, बघून देतो.