दिवाळीची ऑनलाइन खरेदी : पैसे देण्याआधी आणि गेल्यानंतर

घटस्थापना झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये खरेदीच्या तक्रारी वाढतात. त्या दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे चोराने लुबाडलेले, दुसरे म्हणजे खऱ्याच दुकानदाराने दाद न दिलेले. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. पैसे चोरीला गेलेला माणूस कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावत बसतो आणि चुकीची वस्तू आलेला पोलीस ठाण्यात खेटे घालतो. त्यात मोलाचा वेळ जातो. आपली तक्रार नेमकी कुठली, हे आधी ठरवावे, म्हणून उत्तरांमध्ये ते मुद्दाम सांगितले आहे.

फेसबुकवर ‘येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, दिवाळी सेल, फक्त २,४९९ रुपये’ अशी जाहिरात पाहून पैसे भरले. आली ती चकाकणारी सिंथेटिक साडी. विचारल्यावर त्या पेजने मला ब्लॉक केले. हे आधी ओळखता आले असते का? (एक गृहिणी, कोल्हापूर)

ओळखता आले असते, आणि तेही किमतीवरूनच. शुद्ध रेशमाची पैठणी हातमागावर विणायला साध्या नक्षीलाही कित्येक दिवस जातात, भरगच्च पदर असेल तर महिने. रेशीम, जर आणि विणकराची मजुरी या रकमेत बसूच शकत नाही. यंत्रमागावरची साडी या किमतीला मिळते. ती तशी सांगून विकली तर त्यात वावगे काही नाही. तुम्हाला मात्र खोटे सांगून विकली.

म्हणून समाजमाध्यमांवर साडी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. येवल्याचे, पैठणचे कितीतरी प्रामाणिक विणकर आज व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात आणि मधला दलाल टळल्याने त्यांच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. त्यांच्याकडून जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या साडीला बहुधा मागच्या बाजूने आडवे सुटलेले किंवा कापलेले धागे असतात. खरा विणकर हे हौसेने दाखवतो, मागही दाखवतो. भामटा ‘नेटवर्क नाही’, ‘स्टॉक संपत आलाय, आधी बुक करा’ असे म्हणत राहतो. ‘सिल्क मार्क’चे लेबल असेल तर चांगलेच, पण ते रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. साडी हातमागाची आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आणखी एक सोपी तपासणी. फेसबुकच्या प्रत्येक पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ हा भाग असतो. पेज कधी उघडले आणि आधी त्याचे नाव काय होते, हे तिथे दिसते. ‘तीन पिढ्यांची परंपरा’ सांगणारे पेज गेल्याच महिन्यात उघडलेले असेल किंवा त्याआधी दुसऱ्याच धंद्याच्या नावाने चालत असेल, तर तिथेच थांबा.

तुमचे प्रकरण सरळ फसवणुकीचे आहे. १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. जाहिरातीचा आणि संवादाचा स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि साडीचे पाकीट जपून ठेवा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. याच खात्यावर अनेकींचे पैसे गेलेले असतात आणि तक्रारी जुळल्या की तपासाला आधार मिळतो.

‘पत्ता अपूर्ण असल्याने तुमचे पार्सल थांबले आहे, ५ रुपये भरा’ असा टपाल खात्याच्या नावाने मेसेज आला. माझे पार्सल खरेच यायचे होते. पैसे भरावेत का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

भरू नका. टपाल खाते असे लिंक पाठवून पत्ता दुरुस्त करायला सांगत नाही. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकनेही हे मेसेज खोटे असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. सणाच्या दिवसांत कुठल्याही घरी काही ना काही यायचे असतेच, म्हणून हा खडा बरोबर लागतो.

चोराला तुमचे पाच रुपये नको असतात. ते भरण्याच्या निमित्ताने तुम्ही कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे लिहून देता, ते त्याला हवे असतात. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर एवढ्या माहितीवर, ओटीपी न विचारता पैसे कापले जातात. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा. ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केली आहे. मुलाकडे परदेशी जाल तेव्हा चालू करा.

लिंक कशी वाचायची, तेही सांगतो. पत्त्यात ‘इंडियापोस्ट’ हे शब्द कोणीही घालू शकतो. सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरक्या रेषा सोडून द्या. पाहायचे ते त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधीचे अक्षर-गट. टपाल खात्याच्या खऱ्या पत्त्यात ते ‘इंडियापोस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ असेच असतात. तिथे ‘डॉट टॉप’, ‘डॉट शॉप’ असे काही दिसले तर तो पत्ता टपाल खात्याचा नाही. शेजारी कुलपाचे चिन्ह असले तरी भुलू नका. मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही.

शिवकाशीहून थेट घरपोच फटाके, सत्तर टक्के सूट, असे एक संकेतस्थळ आहे. खात्रीचे असेल का? (एक वाचक, जालना)

फटाक्यांच्या ऑनलाइन विक्रीला सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात मनाई केली आहे. ऑर्डर घेणारा एकतर कायदा मोडतो आहे किंवा पैसे घेऊन नाहीसा होणार आहे. गावातल्या परवानाधारक स्टॉलवरूनच घ्या.

परत केलेल्या कुर्त्याचे पैसे आले नाहीत म्हणून गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. बोलणाऱ्याने एक ॲप घ्यायला लावले आणि ‘रिफंडसाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगितला. ४८,००० रुपये गेले. घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. बँक भरून देईल का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, आधी घरात सांगा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हे लोक दिवसभर हेच काम करतात आणि चांगली शिकली-सवरलेली माणसे त्यांच्या बोलण्यात येतात. लपवण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

१९३० वर अजून फोन केला नसेल तर हे वाचणे थांबवून आधी तो करा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत पोचले तिला सूचना जाते आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येते. चोर मात्र पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. ते पटापट पुढच्या खात्यांत फिरवतात किंवा एटीएममधून काढून घेतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत केलेल्या फोनला सर्वांत जास्त अर्थ आहे. फोनवर व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपली बँक विचारतात, ते समोर ठेवा. त्यानंतर स्वतःच्या बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या, आणि ते ॲप फोनमधून काढून टाका. ॲप काढेपर्यंत त्या फोनवर बँकेचे काहीही उघडू नका, कारण तुमचा पडदा त्यांना दिसत असतो.

आता बँकेचे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक ना तुमची ना बँकेची, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तुम्ही तीन कामकाजी दिवसांत दिली तर तुमच्यावर काही बोजा पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत दिली तर नेहमीच्या बचत खात्यासाठी तो जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत असतो. पण पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे धरले जाते आणि खबर दिल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. तुमच्या बाबतीत बँक हेच दाखवील. तरीही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मनाची तयारी मात्र ठेवा. गोठवलेली रक्कम मिळण्याची शक्यता असते, बाकीची मिळवणे फार अवघड जाते.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. कंपनीचा नंबर तिच्या ॲपमधूनच घ्यायचा, गुगलच्या शोधात वर दिसणारा घ्यायचा नाही. आणि पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, मग समोरचा काहीही सांगो.

मोठ्या संकेतस्थळावरून मोबाइल मागवला, खोक्यात साबणाची वडी निघाली. कंपनी म्हणते, ‘आमच्याकडून बरोबर गेले होते.’ १९३० वर तक्रार करू का? (एक विद्यार्थी, नांदेड)

तुमच्यासाठी पहिला दरवाजा ग्राहक हक्कांचा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे. चॅटवर वाद घालत बसू नका, त्याला ईमेल करा. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती मराठीतही बोलते. तिथेही अडले तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. खोके उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण असला की बाजू भक्कम होते. मोबाइल, लॅपटॉप यांसाठी ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ मिळत असेल तर तीच घ्या. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय पोचवणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

आम्ही पुण्यात, आई-बाबा गावी. त्यांना आम्हीच ऑनलाइन सामान पाठवतो. ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणून येणाऱ्या फोनची भीती वाटते. काय करून ठेवावे? (एक वाचक, पुणे)

दिवाळीला घरी जाल तेव्हा अर्धा तास काढा. यूपीआय ज्या खात्याला जोडले आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. निवृत्तिवेतन आणि ठेवी दुसऱ्या खात्यात राहू द्या. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करता येते, ती करा. पाठवलेले सामान शक्यतो आधीच पैसे भरलेले असू द्या, म्हणजे ‘दारात कोणी पैसे मागितले तर ते आपले पार्सल नव्हे’ एवढा एकच नियम त्यांनी लक्षात ठेवायचा. आणि काय पाठवले, कधी येईल, हे त्यांना आधी फोनवर सांगा.

‘पार्सलसाठी २१ ने सुरू होणारा हा नंबर डायल करा’ असे कोणी सांगितले तर करायचे नाही. त्यामुळे त्यांचे कॉल चोराकडे वळतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपी त्याच्या कानावर पडतात. असे काही होऊन गेल्याची शंका असेल तर डायलरवर दोनदा हॅश, शून्य, शून्य, दोन आणि पुन्हा हॅश दाबा. सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. त्यांच्या फोनवर हे तुम्ही जाल तेव्हा एकदा स्वतःच करून टाका.